अवघड जागेचं दुखणं: आधी घड्याळ पाहा

रात्री अकरा वाजता अंडकोषात दुखायला लागलं, तर बहुतेक पुरुष काय करतात? खोलीचं दार लावून घेतात, मोबाइलवर शोधाशोध करतात आणि सकाळ व्हायची वाट पाहतात. घरात कुणालाच सांगत नाहीत. बऱ्याचदा हे खपूनही जातं, कारण दुखणं आपोआप ओसरतं. पण काही मोजकी दुखणी अशी आहेत, की सकाळपर्यंतच्या त्या सात-आठ तासांत एक वृषण कायमचं हातचं जातं.

‘अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य’ ही म्हण ज्याने केली, त्याला एक नक्की ठाऊक होतं: इथे दुखण्याइतकीच ते सांगण्याची लाजही छळते. मी स्वतः विशीत असताना एक अख्खी रात्र अशीच काढली आहे. दुखणं अगदी साधं होतं, दोन तासांत गेलं. भीती मात्र पुढे कितीतरी दिवस मनात राहिली. त्या रात्री मला जे कुणीतरी सांगायला हवं होतं, ते इथे पायरीपायरीने लिहितो आहे.

शब्दांचा घोळ नको म्हणून आधीच सांगतो. अंडकोष म्हणजे बाहेरची कातडीची पिशवी. तिच्या आतल्या दोन गोळ्या म्हणजे वृषण. प्रत्येक वृषणाच्या मागच्या बाजूला एक मऊ, वेटोळी नळी चिकटलेली असते. शुक्राणू तिच्यात साठतात आणि परिपक्व होतात. ही नळी बोटाला लागली, की अनेक जण गाठ समजून घाबरतात. ती प्रत्येकाला असते.

पहिली पायरी: स्वतःला चार प्रश्न विचारा

दुखणं एका क्षणात सुरू झालं, की हळूहळू वाढत गेलं? हा सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. ‘नऊ वाजेपर्यंत काही नव्हतं, सव्वानऊला एकदम कळ आली’ असं नेमकं सांगता येत असेल, तर त्या दुखण्याकडे गांभीर्यानेच पाहायचं. ‘दोन-तीन दिवसांपासून जडसं वाटतंय’ हे वेगळं प्रकरण.

दुसरा प्रश्न, एका बाजूला दुखतंय की दोन्ही? तिसरा, त्याआधी काय घडलं होतं: बराच वेळ उत्तेजना होती, मार लागला, जड वजन उचललं, नवा शरीरसंबंध आला, की काहीच नाही? आणि चौथा, सोबत काय आहे: मळमळ, उलटी, ताप, सूज, लाली, लघवीला जळजळ, लिंगातून पू?

उत्तरं कागदावर किंवा फोनमध्ये लिहून ठेवा, सुरू झाल्याची वेळ तर नक्कीच. डॉक्टरांसमोर गेल्यावर निम्मी माणसं हेच विसरतात आणि नेमकं हेच डॉक्टर आधी विचारतात.

दुसरी पायरी: वाट पाहायची नाही, अशी दुखणी ओळखा

यातलं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वृषणाला पीळ पडणं. वृषण एका दोरीसारख्या जुडीला लोंबकळत असतं आणि त्याला रक्त देणाऱ्या वाहिन्या त्याच जुडीतून जातात. वृषण स्वतःभोवती फिरलं, की दोरीला पीळ बसतो. आधी रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दबतात, त्यामुळे सूज येते. मग आत येणारं रक्तही थांबतं. इथून पुढे सगळा हिशेब तासांचा असतो. सुमारे ६ तासांच्या आत पीळ सुटला, तर दहातली नऊ वृषणं वाचतात. १२ तासांनी जवळपास निम्मीच वाचतात आणि २४ तासांनंतर फारच थोडी.

हे कुठल्याही वयात होऊ शकतं, पण सर्वाधिक होतं ते १२ ते १८ या वयात. खेळताना होतं तसंच गाढ झोपेतही होतं. मार लागलाच पाहिजे असं नाही. कळ अचानक येते, एका बाजूला येते आणि इतकी तीव्र असते की मळमळतं, उलटी होते. दुखरं वृषण वर सरकलेलं किंवा आडवं झालेलं दिसतं. मुलं मात्र बऱ्याचदा ‘पोट दुखतंय’ एवढंच सांगतात. ओटीपोटात कळ जाते हे खरंच आहे, पण लाजही असतेच. वयात येणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनी एवढं लक्षात ठेवावं: मुलगा अचानक पोट धरून ओकायला लागला, तर ‘खाली दुखतंय का?’ हे सरळ विचारायचं. त्याने सांगायची वाट पाहायची नाही.

अशा वेळी काय करायचं, ते क्रमाने:

१. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात लगेच निघा. ओळखीच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेऊन घरी बसू नका.

२. वाटेत काही खाऊ-पिऊ नका. भूल द्यावी लागू शकते.

३. वेदनाशामक गोळी घेऊन झोपू नका. गोळीने कळ कमी होईल, पीळ सुटणार नाही.

४. स्वतः वृषण फिरवून पीळ सोडवायचा प्रयत्न करू नका. उलट्या दिशेने फिरलं, तर पीळ आणखी आवळतो.

५. कळ अचानक थांबली, तरी जा. पीळ आपोआप सुटतो तसा तो पुन्हाही पडतो. अशा ‘येऊन जाणाऱ्या’ कळा मोठ्या पिळाच्या आधी काही आठवडे येत राहिल्याच्या हकिगती डॉक्टर नेहमी ऐकतात.

रुग्णालयात रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी करतात, आणि संशय दाट असेल तर तिच्यासाठीही न थांबता थेट शस्त्रक्रियेला नेतात. पीळ सोडवून वृषण टाक्यांनी जागेवर बसवतात. दुसऱ्या बाजूलाही टाके घालतात, कारण वृषण सैल टांगलेलं असण्याचा जन्मजात दोष बहुधा दोन्हीकडे असतो. एक वृषण काढावं लागलं, तरी दुसरं निरोगी असेल तर लैंगिक जीवन आणि मूल होण्याची क्षमता सहसा टिकून राहते. तरी जे वाचवता येतं, ते केवळ संकोचापायी का गमवायचं?

तातडीची आणखी काही दुखणी थोडक्यात सांगतो. लिंगाची पुढची कातडी मागे गेली आणि पुन्हा पुढे येत नाही, टोक सुजत चाललंय: टोक हाताच्या मुठीत काही मिनिटं हलकं दाबून धरलं, की सूज थोडी उतरते आणि मग कातडी पुढे ओढता येते. नाही जमलं तर ताबडतोब रुग्णालय गाठा. ताठरता ४ तासांपेक्षा जास्त टिकली आणि दुखतेय, तर अडकलेल्या रक्तामुळे आतल्या पेशी मरू लागतात, तेव्हा तिथेही थांबायचं नाही. संभोगाच्या वेळी लिंग वाकून ‘कट्’ असा आवाज झाला, ताठरता क्षणात गेली आणि लिंग काळंनिळं पडून सुजलं, तर आतलं आवरण फाटलेलं असतं आणि बहुधा लवकर शस्त्रक्रिया लागते. जांघेतला हर्नियाचा फुगवटा कडक झाला, आत जाईना आणि उलट्या सुरू झाल्या, तर तीही तातडीच. आणि मधुमेही माणसाच्या अंडकोषाची कातडी ताप-वेदनेसह झपाट्याने लाल-काळी पडू लागली, तर तासभरही दवडू नका.

यातलं काही नसेल, तर आता शांतपणे पुढे वाचा.

तिसरी पायरी: उत्तेजनेनंतर येणारा जडपणा

पुरुषांच्या मनात सर्वाधिक घोळणारा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न हा आहे. बराच वेळ उत्तेजना राहिली, वीर्यस्खलन झालं नाही आणि नंतर दोन्ही वृषणांत बोथट, जड, ओढल्यासारखी वेदना सुरू झाली. कधी ती जांघेत किंवा ओटीपोटात जाणवते.

कारण सोपं आहे. उत्तेजनेत लिंगाकडे आणि वृषणांकडे जास्त रक्त येतं आणि परत जाणारं रक्त मंदावतं. त्यामुळे वृषणं थोडी फुगतात. स्खलन झालं की हे साठलेलं रक्त भराभर उतरतं. नाही झालं तरी उतरतंच, फक्त सावकाश. ही वेदना काही मिनिटांपासून काही तासांत जाते. तिच्यामुळे वृषणाला इजा होत नाही, शुक्राणू खराब होत नाहीत, नपुंसकता येत नाही. साठलेलं वीर्य ‘सडत’ही नाही. न वापरलेले शुक्राणू शरीरच मोडून शोषून घेतं.

उपाय साधे आहेत. उत्तेजना देणारी गोष्ट बाजूला ठेवून मन दुसरीकडे वळवा. थोडं चाला. कोमट पाण्याने आंघोळ केली तर बरं वाटतं. काहींना थंड पाण्याची पट्टी मानवते. घट्ट कपडे काढून पडून राहा. एकांतात हस्तमैथुन केल्यानेही वेदना लवकर उतरते, आणि त्यात कुठलाही धोका नाही.

ही वेदना कुणाची चूक नसते, आणि ती घालवणं ही जोडीदाराची जबाबदारी तर मुळीच नसते. ‘मला त्रास होतोय, आता मधेच थांबू नकोस’ असं म्हणून जोडीदारावर दबाव आणणारे पुरुष आहेत, आणि हे चूक आहे. समोरचा माणूस ‘नको’ म्हणाला, तर तिथे थांबायचं. जडपणा काही तासांत जातो, तोडलेला विश्वास मात्र परत येत नाही.

ओळख पक्की करण्यासाठी एवढं पाहा: साधारण दोन्ही बाजूंना, बोथट आणि वेळेनुसार कमी होत जाणारं, असं ते दुखणं असतं. एकाच बाजूला, तीक्ष्ण आणि वाढत जाणारं असेल, तर उत्तेजनेचा योगायोग समजा आणि दुसऱ्या पायरीकडे परत जा. आणि हा जडपणा उत्तेजनेशिवायही वारंवार येत असेल, तर कारण वेगळं असण्याची शक्यता जास्त.

चौथी पायरी: दिवसादिवसाने वाढणारं दुखणं

इथे घड्याळाऐवजी दिनदर्शिका पाहायची. एक-दोन दिवसांत वाढत गेलेली वेदना, वृषणाच्या मागच्या बाजूला सूज, कधी ताप, कधी लघवीला जळजळ: हा त्या वेटोळ्या नळीचा जंतुसंसर्ग असू शकतो. पस्तिशीच्या आतल्या पुरुषांत तो बऱ्याचदा लैंगिक संबंधातून आलेल्या क्लॅमिडिया किंवा गोनोरिया या जंतूंमुळे होतो. त्यापुढच्या वयात बहुधा मूत्रमार्गातले जंतू कारण असतात. इलाज प्रतिजैविकांचा आहे आणि तो सहसा १० ते १४ दिवस चालतो. बरं वाटलं म्हणून गोळ्या मधेच सोडू नका. सूज पूर्ण उतरायला काही आठवडे लागतात, तेवढ्याने घाबरू नका. जंतू लैंगिक संबंधातून आले असतील, तर जोडीदारालाही उपचार लागतात, नाहीतर एकमेकांकडून पुन्हा लागण होत राहते. तरुण मुलात पीळ आणि संसर्ग यांचा निवाडा घरी करता येत नाही. शंका असेल तेव्हा पीळ आहे असं धरूनच निघायचं.

दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी डाव्या बाजूला ओढ लागते, आडवं झालं की बरं वाटतं, आणि उभं राहून हात लावला तर आत गांडुळांची गुंडाळी असावी तशा शिरा लागतात. याला व्हॅरिकोसील म्हणतात. पायावर शिरा फुगतात तसंच हे, आणि सुमारे १५ टक्के पुरुषांत ते असतं. डाव्या बाजूलाच जास्त, कारण तिकडची शीर लांब असते आणि मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते, त्यामुळे रक्त चढायला कष्ट पडतात. आधार देणारी अंतर्वस्त्रं वापरून बऱ्याच जणांचं भागतं. मूल होण्यात अडचण असेल किंवा दुखणं हटत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. फक्त उजव्या बाजूला नव्याने झालं, किंवा आडवं पडूनही शिरा रिकाम्या होत नाहीत, तर पोटाची तपासणी करून घ्या.

अंडकोषात पाणी भरलं, तर सूज दिसते पण दुखत नाही, फक्त जड लागतं. हर्नियाचा फुगवटा खोकल्यावर वाढतो. मुतखडा मूत्रनळीत अडकला की कळ पाठीकडून थेट वृषणात उतरते, आणि तिथे मात्र वृषण हाताला अगदी व्यवस्थित लागतं.

फटका बसला असेल, तर कपड्यात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं लावा, खाली घडी घातलेला टॉवेल ठेवून अंडकोषाला आधार द्या आणि पडून राहा. तासाभरात वेदना निम्म्याहून खाली आली नाही, सूज वाढली किंवा कातडी निळी पडली, तर दाखवा.

पाचवी पायरी: जळजळ

स्खलनानंतरच्या पहिल्या लघवीला किंचित चुरचुरणं, धार दोन फाटे फुटून येणं, हे नेहमीचं आहे. मार्गात थोडं वीर्य राहिलेलं असतं, एक-दोनदा लघवी झाली की जातं. साबण, सुगंधी द्रव किंवा वंगण आत गेल्यानेही चुरचुरतं. पाणी भरपूर प्या आणि ती वस्तू बंद करून पाहा.

दोन दिवसांनंतरही जळजळ टिकली, टोकातून पांढरा-पिवळा स्राव येऊ लागला, किंवा नव्या जोडीदाराशी कंडोमशिवाय संबंध आला होता, तर तपासणी हवीच. गोनोरियाची लक्षणं बऱ्याचदा २ ते ७ दिवसांत दिसतात. क्लॅमिडिया अनेक पुरुषांत काहीच लक्षण दाखवत नाही, म्हणून ‘मला तर काही होत नाही’ यावर विसंबू नये. तपासणीसाठी साधारणपणे लघवीचा नमुना पुरतो. त्याआधी निदान एक तास लघवी करू नका, म्हणजे जंतू वाहून जात नाहीत. लिंगावर न दुखणारा, कडक कडांचा फोड आला आणि काही आठवड्यांत आपोआप गेला, तर बरं झालं असं समजू नका. सिफिलिसची सुरुवात अशीच असते, फोड गेला तरी रोग शरीरात राहतो. एचआयव्हीचा धोका वाटावा असा संबंध आला असेल, तर ७२ तासांच्या आत सुरू करायचा २८ दिवसांचा प्रतिबंधक औषधक्रम मिळतो. तो जितक्या लवकर सुरू होईल, तितका उपयोगी.

ताप, थंडी, बसणीच्या जागी खोल वेदना आणि लघवी तुंबणं हे एकत्र आलं, तर मूत्राशयाखाली असलेल्या प्रोस्टेट ग्रंथीचा तीव्र संसर्ग असू शकतो, त्याच दिवशी दाखवा. याउलट काही पुरुषांना महिनोनमहिने ओटीपोटात, बसणीत आणि स्खलनानंतर दुखत राहतं आणि सगळ्या तपासण्या चांगल्या येतात. ‘काही नाही, मनाचा खेळ आहे’ असं त्यांना सांगितलं जातं. तसं नसतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले राहिले, तर खरीखुरी वेदना होते. पोटात खोल श्वास घेत ते स्नायू सैल सोडायला शिकणं, एका जागी तासन्‌तास न बसणं आणि जाणकार फिजिओथेरपिस्टची मदत यांनी अनेकांना उतार पडतो. अशा माणसाने ‘आवळण्याचे’ व्यायाम मनानेच सुरू केले, तर दुखणं वाढू शकतं.

वीर्यात एखाद्या वेळी रक्ताचा तांबूस अंश दिसला, तर छाती धडधडते. चाळिशीच्या आत हे बहुतेकदा निरुपद्रवी असतं आणि आपोआप थांबतं. पुन्हा पुन्हा दिसलं, वय चाळिशीपुढचं असलं किंवा लघवीतही रक्त आलं, तर दाखवायचं.

कातडीचे प्रश्न

टोकाच्या कडेने ओळीत बसलेले मोत्यासारखे बारीक दाणे आणि लिंगाच्या कातडीवरचे पिवळसर ठिपके हे आजार नाहीत, ते संसर्गजन्यही नाहीत. ते खरवडून काढायला जाऊ नका.

लिंगाच्या पुढच्या कातडीखाली लाली, खाज, वास आणि पांढरा थर असेल, तर रोज फक्त पाण्याने धुवा, आत साबण लावू नका, आणि कोरडं करूनच कातडी पुढे घ्या. त्रास वारंवार होत असेल, तर रक्तातली साखर तपासा. मधुमेहाचा पहिला पत्ता अशा रीतीने लागलेले पुरुष कमी नाहीत.

लिंगाखालचा कातडीचा धागा संभोगात फाटला, तर रक्त पाहून जीव घाबरतो. स्वच्छ कापडाने १० मिनिटं सलग दाबून धरा, मधे उघडून पाहू नका. जखम पूर्ण भरेपर्यंत संभोग आणि हस्तमैथुन दोन्ही टाळा. घाई केली तर तिथे कडक व्रण होतो आणि तो पुन्हा पुन्हा फाटतो. जोरकस घर्षणानंतर कातडी पाणी भरल्यासारखी सुजते, ती एक-दोन दिवसांत उतरते. कधी लिंगाच्या वरच्या अंगाला दोरीसारखी कडक शीर लागते. तीही बहुधा काही आठवडे विश्रांती दिल्यावर विरते, पण एकदा डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्या.

ताठरता आणि शीघ्रपतन

थकवा, मद्य, भांडण, नवा जोडीदार, परीक्षेला बसल्यासारखं दडपण: यांतल्या कशानेही एखाद्या वेळी ताठरता येत नाही. एकदा असं झालं की पुढच्या वेळी माणूस स्वतःवरच पहारा ठेवतो, आणि त्या पहाऱ्यानेच पुन्हा तसं होतं. अशा वेळी आठवून पाहा, पहाटे ताठरता येते का? निरोगी पुरुषाला झोपेत ३ ते ५ वेळा ताठरता येते. ती नेहमीसारखी येत असेल, तर रक्तवाहिन्या आणि नसा बहुधा ठीक आहेत आणि अडचण दडपणाची आहे. काही दिवस ‘संभोग करायचाच नाही’ असं दोघांनी ठरवून नुसता स्पर्श आणि जवळीक ठेवली, तर हा पहारा सुटतो.

पण ताठरता हळूहळू कमी होत गेली, पहाटेचीही येईनाशी झाली आणि असं ३ महिने चाललं, तर डॉक्टरांकडे जा, आणि लैंगिक जीवनापेक्षाही हृदयासाठी जा. लिंगाच्या धमन्या १ ते २ मिलिमीटर रुंदीच्या असतात, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. वाहिन्या बुजू लागल्या, की अरुंद नळी आधी तक्रार करते. म्हणून हा त्रास कधी कधी हृदयविकाराच्या काही वर्षं आधी दिसतो. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि सकाळच्या वेळी रक्तात मोजलेलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक एवढ्या तपासण्यांनी बरंच कळतं. नैराश्याच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हे होतं. गोळी स्वतः बंद करू नका, बदलून मागा.

ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिल (व्हायग्रा) या गोळीला अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली, आणि ज्या नायट्रिक ऑक्साइडमुळे रक्तवाहिन्या सैल होऊन ताठरता येते, त्याच्या शोधाला त्याच वर्षी नोबेल मिळालं. औषध चांगलं आहे, पण ते इच्छा निर्माण करत नाही, आणि छातीत दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्याने ते घेतलं तर रक्तदाब जीवघेणा कोसळतो. ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत आणि कॅप्सूलमध्ये हेच औषध लपवून मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. म्हणून त्या घेऊच नका.

शीघ्रपतनाबद्दल आधी एक आकडा सांगतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाच देशांतल्या ५०० जोडप्यांनी लिंगप्रवेशापासून स्खलनापर्यंतची वेळ प्रत्यक्ष मोजली. मधला आकडा आला ५.४ मिनिटं. कुणाचा अर्ध्या मिनिटाच्या आसपास, कुणाचा ४४ मिनिटं. ‘अर्धा तास टिकायला हवं’ हे ज्यांनी कुठून तरी पाहून ठरवलं आहे, त्यांना आजार नाही, चुकीचं माप मिळालं आहे. अगदी पहिल्या संबंधापासून जवळपास दर वेळी मिनिटभरातच स्खलन होत असेल आणि त्याचं मनाला दुःख असेल, तर ते शीघ्रपतन. सराव असा करतात: आधी एकट्याने, उत्तेजना शिगेला पोचायच्या थोडं आधी थांबायचं, लाट अर्धा मिनिट ओसरू द्यायची, मग पुन्हा सुरू करायचं. असं तीनदा करून चौथ्यांदा स्खलन होऊ द्यायचं. काही आठवड्यांनी हेच जोडीदारासह. एवढ्याने भागलं नाही, तर बधिर करणारी मलमं आणि गोळ्या आहेत, पण त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

वीर्याबद्दलची भीती

‘स्वप्नदोष’ या शब्दाने किती तरुणांचं आयुष्य विनाकारण काळवंडलं असेल! झोपेत स्खलन होणं हा दोष नाही. वीर्य सतत तयार होतं आणि कधी झोपेत बाहेर पडतं. एका वेळचं वीर्य साधारण दीड ते पाच मिलिलिटर असतं, आणि त्यातले शुक्राणू जेमतेम २ ते ५ टक्के. बाकी सगळा शुक्राशय आणि प्रोस्टेट यांचा स्राव, जो शरीर पुन्हा बनवतं. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, पण ते तयार होण्याचं काम रोज अखंड चालू असतं. ‘रक्ताच्या इतक्या थेंबांचा वीर्याचा एक थेंब’ हा हिशेब निखालस खोटा आहे. हस्तमैथुनाने लिंग वाकडं, बारीक किंवा कमजोर होत नाही, स्मरणशक्ती जात नाही, पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. काम, झोप आणि नाती बाजूला पडतील इतकं ते वाढलं, तरच त्याचा विचार करायचा. शौचाला कुंथताना पांढरा चिकट थेंब आला, तर ‘धातू जातेय’ म्हणून खचू नका, तो दाबामुळे आलेला प्रोस्टेटचा स्राव असतो.

आकाराचं थोडक्यात. २०१५ मध्ये १५,००० हून अधिक पुरुषांच्या मापांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ताठ लिंगाची सरासरी लांबी १३.१२ सेंटिमीटर निघाली. वरून खाली पाहताना स्वतःचं नेहमी तोकडंच दिसतं. लांबी वाढवणारं तेल किंवा गोळी अस्तित्वात नाही.

महिन्यातून एकदा, दोन मिनिटं

कोमट पाण्याच्या आंघोळीनंतर कातडी सैल असते, तेव्हा एकेक वृषण अंगठा आणि बोटांमध्ये हलकेच फिरवून पाहा. गुळगुळीत आणि किंचित मऊ लागायला हवं. एक थोडं मोठं असणं किंवा एक, बहुधा डावं, थोडं खाली असणं साहजिक आहे. शोधायचं काय, तर वृषणाच्या अंगातच असलेली कडक गाठ, किंवा एका बाजूला नव्याने आलेला जडपणा. वृषणाचा कर्करोग मुख्यतः १५ ते ४० या वयात होतो आणि बहुतेकदा दुखत नाही, म्हणूनच तो अंगावर काढला जातो. लहानपणी वृषण खाली उतरलेलं नव्हतं, त्यांनी अधिक लक्ष द्यावं. लवकर सापडला तर जवळपास सगळे बरे होतात. गाठ लागली तर वाट पाहणं एका आठवड्याच्या पुढे नेऊ नका.

डॉक्टरांसमोर

आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलात तरी चालतं, पुढे मूत्ररोगतज्ज्ञांकडे ते पाठवतील. तपासताना ते उभं करून खोकायला सांगतील, मग झोपवून दोन्ही बाजू हाताने पाहतील, दुखरी बाजू शेवटी. तपासताना ताठरता आली, तर मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण डॉक्टरांना ते नवीन नसतं. डॉक्टर पुरुषच हवे असतील किंवा सोबत ओळखीचं कुणी हवं असेल, तर तसं मागता येतं.

पहिलं वाक्य घरूनच ठरवून जा. ‘डॉक्टर, डाव्या वृषणात तीन दिवसांपासून दुखतंय, हळूहळू वाढलंय, लघवीला जळजळ आहे.’ एवढं पुरतं. नावं घ्यायला जीभ अडखळत असेल, तर लिहिलेला कागदच पुढे करा.

बाहेरच्या खिडकीवर काय होतंय असं विचारलं, तर ‘खासगी आहे, डॉक्टरांनाच सांगेन’ म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. फक्त अचानक आलेली एका बाजूची कळ असेल, तर हा हक्क बाजूला ठेवा आणि चारचौघांत, स्पष्ट आवाजात सांगा: ‘वृषणात एकदम दुखायला लागलंय, दोन तास झाले, पीळ पडल्याची शंका आहे.’ हे ऐकल्यावर तुम्हाला रांगेत बसवून ठेवणार नाहीत.